विक मॅकी आवडतो म्हणजे नक्की काय आवडतं

बी-५०४: काकू तुम्ही लिफ्टमध्ये विचारत होतात ना पोलिसांची चांगली सिरीज कुठली, द शील्ड बघा. २००२ ते २००८, सात सीझन, लॉस एंजेलिसमधली. डिटेक्टिव्ह विक मॅकी, नियम पाळत नाही पण काम करून दाखवतो

ए-२०३ काकू: अरे बघितला की पहिला भाग. ती पळवलेली छोटी मुलगी सापडली तेव्हा मी हात जोडले. त्या नराधमाला बडवला ते बरंच केलं, असाच पोलीस पाहिजे, इथे नुसतं अर्ज द्या न् उद्या या

ए-१०२ काका: वहिनी शेवट बघितलात का? त्याच भागात विक आपल्याच टीममधल्या टेरीला धाडीत गोळी घालतो

ए-२०३ काकू: हो ना, त्यानेच तर झोप उडाली. तासाभरापूर्वी ज्याच्यासाठी हात जोडले तोच हा

सी-३०१ वकील ताई: काकू तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत, थोडं लांब लिहिते. त्या नराधमाच्या चौकशीच्या खोलीतला सीन परत बघा. विकला आत पाठवतो कोण, कॅप्टन असेवेडा, जो स्वतःच विकला पकडायच्या मागे आहे आणि ज्याने टेरीला त्याच्या टीममध्ये पेरलंय. म्हणजे साहेबांना विक नकोय पण गरज पडली की हवाय. मग विक टेलिफोन डिरेक्टरीने त्या माणसाला झोडतो आणि आपण बरं वाटून घेतो, का, तर त्या माणसाला सगळं माहितीये हे आपल्याला लेखकाने आधीच सांगून ठेवलंय. चुकीचा माणूस त्या खुर्चीत बसूच शकत नाही. खऱ्या चौकीत ही खात्री कोण देणार? मार बसला की माणूस वाट्टेल ते कबूल करतो, म्हणून तर पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, आधी एव्हिडन्स ॲक्टचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं २३. शिवाजीनगर कोर्टात लोक मला विचारतात मॅडम त्याने कबूल केलंय ना मग केस का लांबतेय, प्रत्येकाला हेच समजावते. आणि सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० ला प्रत्येक ठाण्यात कोठडीसकट सगळीकडे सीसीटीव्ही लावा म्हणून सांगितलं ते उगीच नाही

ए-२०३ काकू: सगळं मान्य, पण मुलगी मेली असती तर?

सी-३०१ वकील ताई: याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही हो. एवढंच दिसतं की त्या खोलीत ज्या हाताला कुणी जाब विचारला नाही त्याच हाताने टेरीला मारलं. मुलीपुरता विक हवा आणि टेरीपुरता नको असं वेगळं करून मिळत नाही

ए-१०२ काका: आमच्या वेळी अर्धसत्य होता, १९८३. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा. ओम पुरीचा फौजदार वेलणकर आधी आपल्याला आपला माणूस वाटतो आणि मग एका भुरट्या चोराला कोठडीत इतका मारतो की तो मरतो, कशासाठी तर एक ट्रान्झिस्टर. राग सगळा वरिष्ठांवरचा, निघाला त्या गरिबावर. पण वेलणकर शेवटी स्वतः ठाण्यात हजर होतो

बी-५०४: विक तसा नाही काका. तो आधी माफीच्या करारावर सही घेतो आणि मग सगळे गुन्हे एकामागून एक सांगतो, टेरीचा पण. समोरची एजंट बाई सुन्न. जेल नाही, ऑफिसात टेबल आणि रिपोर्ट टाइप करायचं काम. आणि हे हवेतून नाही आलं, तिकडच्या रामपार्ट प्रकरणावरून सुचलं, १९९० च्या दशकाच्या शेवटी पोलीसच ड्रग चोरताना आणि खोटे पुरावे पेरताना सापडले होते, शंभरावर शिक्षा रद्द कराव्या लागल्या

डी-४०२: एक बोलू का, लांब कशाला जायचं. पार्किंगमधून सायकल गेली तेव्हा याच ग्रुपवर मेसेज होते की वॉचमनच्या पोराला चौकीत न्या, दोन पडल्या की बोलेल. वर जाऊन वाचा. सायकल कुणी नेली ते आजपर्यंत कळलं नाही, वॉचमन मात्र पोराला घेऊन महिन्याभरात सोडून गेला. ते रात्री दोनला पण गेट उघडायला उठायचे हो

ए-१०२ काका: खरंय. मला नाव आठवतंय त्या पोराचं, दहावीला होता

ए-२०३ काकू: ताई तुमचं पटतंय. पण माझी नात हरवली असती तर मी विकलाच हाक मारली असती, हेही तितकंच खरं

सी-३०१ वकील ताई: मीही मारली असती काकू

बी-५०४: काकू दुसरा भाग बघा, टेरीच्या मृत्यूची चौकशी तिथून सुरू होते