यात्रेच्या चित्रीकरणाची डीव्हीडी केल्यावर आवाज बिघडतो

प्रश्न (मुरारजी पेठ, सोलापूर)
सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक आणि संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा मी व माझ्या भावाने मोबाइलवर चित्रित केला असून, त्याचे एक तास पन्नास मिनिटांचे संकलन केले आहे. आजोबांना यंदा गर्दीत नेता आले नाही आणि त्यांच्याकडे जुना डीव्हीडी प्लेअरच आहे. तयार केलेल्या डीव्हीडीत घरच्यांचे बोलणे मात्र इतके क्षीण येते की टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवावा लागतो, आणि मग हलगी वाजली की कानठळ्या बसतात. शिवाय शेवटाकडे चित्र आणि आवाज यांत दोनेक सेकंदांचे अंतर पडते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉर्मलाइझ करून पाहिले, पण फरक पडला नाही.

प्रतिसाद १
हे दोन स्वतंत्र दोष आहेत. अंतराचे कारण बहुधा मोबाइलचा बदलता फ्रेम रेट (सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या) हे असावे. आपल्याकडील पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीला मात्र सेकंदाला ठाम २५ फ्रेम लागतात. संकलनापूर्वीच प्रत्येक मूळ फाइल हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर काढून घ्यावी. ४४.१ किलोहर्ट्‌झचा (म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेला) आवाज चुकून ४८ चा समजला गेला असता, तर ११० मिनिटांचा आवाज १०१ मिनिटांतच संपला असता आणि सगळ्यांचे आवाज चिरके झाले असते; तसे झालेले दिसत नाही. तरीही डीव्हीडीसाठी आवाज ४८ किलोहर्ट्‌झवरच काढावा.

प्रतिसाद २
नॉर्मलाइझचा उपयोग का झाला नाही, हे आपल्याच वर्णनात आहे. ती क्रिया सर्वांत मोठा ठोका कमाल पातळीला नेऊन थांबते, आणि तुमच्याकडे हलगीचा ठोका आधीच तिथे पोहोचलेला आहे. मग बोलणे वर येणार कसे? त्याऐवजी कंप्रेसर (मोठे आवाज आपोआप कमी करणारी क्रिया) वापरून ठोके दाबावेत, नंतर एकूण पातळी वाढवावी आणि शेवटी लिमिटर (ठरावीक पातळीपुढे आवाज जाऊ न देणारी क्रिया) लावावा. अर्थात फार दाबू नये, नाहीतर हलगीचा जीवच जातो.

दुसरे, एसी-३ या डीव्हीडीवरील संकुचित स्वरूपात आवाज काढताना ‘डायलॉग नॉर्मलायझेशन’ (बोलण्याची पातळी प्लेअरला सांगणारा आकडा) तपासावा. काही सॉफ्टवेअरमध्ये तो मुळातच −२७ असतो आणि त्यामुळे प्लेअर आवाज ४ डेसिबलने उतरवतो. −३१ ठेवल्यास ही घट होत नाही. स्टिरिओसाठी सेकंदाला २२४ किलोबिट पुरेसे आहेत. दर्जाच्या हौसेपोटी पीसीएम हे असंकुचित स्वरूप निवडल्यास ४.७ जीबीच्या चकतीतील सुमारे सव्वा जीबी एकटा आवाजच खाईल.

प्रतिसाद ३
प्रयोगासाठी डीव्हीडी-आरडब्ल्यू वापरावी, म्हणजे चकत्या वाया जाणार नाहीत. चाचणी मात्र आजोबांच्याच टीव्हीवर घ्यावी, कारण पातळ टीव्हीच्या लहान स्पीकरवर बोलणे आणखी दबते. मूळ फाइलही हेडफोन लावून ऐका. चित्रीकरणातच फाटलेला आवाज कोणत्याही रूपांतराने पूर्ववत होत नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. फ्रेम रेट स्थिर केल्यावर अंतर नाहीसे झाले, आणि सॉफ्टवेअरमध्ये −२७ हाच आकडा निघाला. अक्षतांच्या वेळचा आवाज भावाच्या मोबाइलमध्ये मुळातच फाटलेला होता, म्हणून त्या दृश्यांखाली माझ्या मोबाइलमधील आवाज जुळवला. मी कट्ट्यापासून बराच मागे उभा असल्याने त्यात मंगलाष्टकांपेक्षा शेजाऱ्यांच्या गप्पाच अधिक आहेत, पण आजोबांची तक्रार नाही.