किटच्या पलीकडचं

लॉकडाऊनमधल्या मदतीबद्दल एकाने विचारलंय, "किट वाटली, आणखी काय हवं होतं?" 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही चौघं पुण्यातल्या कोंढव्यात अफगाण, येमेनी पोरांच्या खोल्यांवर शिध्याची किट पोचवायचो. मायदेशी युद्ध, परतीची वाट बंद. निर्वासितांना संरक्षण देणाऱ्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. रेशनकार्डाचं तर नावच नको.

पहिल्या किटमधली तूरडाळ तशीच पडून राहिली. खोलीत कुकरच नव्हता! (आम्हीही शहाणेच.) मग मैदा, बटाटे, चहापत्ती द्यायला लागलो. त्यातला 19 वर्षांचा एक जण पिशवी घेऊनही दार लावायचा नाही. "बैठो ना भाई," म्हणायचा. बसता यायचं नाही, म्हणून रोज रात्री नऊला फोन ठरला. विषय बहुतेक वेळा क्रिकेट.