शब्दचर्चा: 'ज्ञेयवादी', 'ज्ञानमार्गी' आणि 'शब्द देही झाला'

पाटीपेन्सिल
दिवाळी अंकासाठी नाग हम्मादीवरच्या एका लेखाचा अनुवाद करतोय. दक्षिण इजिप्तमध्ये १९४५ साली शेतकऱ्यांना एका रांजणात कॉप्टिक भाषेतल्या १३ पोथ्या सापडल्या, त्याची हकीकत. गाडी अडलीय 'नॉस्टिक' या शब्दावर, म्हणजे त्या पोथ्यांत ज्यांचे विचार भेटतात त्या ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांतल्या पंथांच्या नावावर. एका मित्राने 'ज्ञेयवादी' सुचवला, 'अज्ञेयवादी'च्या उलट म्हणून. कानाला बरा वाटतो, पण मन घेत नाही.

उंबरठा
मन बरोबर सांगतंय. 'अज्ञेयवादी' ज्याचं भाषांतर आहे तो 'ॲग्नॉस्टिक' (देव आहे की नाही ते जाणता येत नाही असं मानणारा) शब्द इंग्रज जीवशास्त्रज्ञ हक्स्लेने १८६९ मध्ये घडवला, तोही या जुन्या नॉस्टिकांच्या विरुद्धार्थी म्हणून. तिथून परत उलटं चालत गेलो की 'ज्ञेयवादी' हाती लागतो, आणि त्याचा अर्थ होतो 'देव जाणता येतो असं मानणारा'. तसा तर कुठलाही पाद्री ज्ञेयवादी ठरेल.

मूळ ग्रीक शब्द 'ग्नोसिस', आपल्या 'ज्ञा' धातूचा भाऊबंदच. या मंडळींचं म्हणणं असं, की हे जग खऱ्या देवाने केलेलंच नाही. ते एका खालच्या दर्जाच्या, अडाणी कारागिराचं काम. माणसाच्या आत वरच्या प्रकाशाची ठिणगी अडकून पडलीय आणि येशू तिची ओळख पटवायला आला. म्हणजे मरून तारणारा नव्हे, जागं करणारा. म्हणून मी 'ज्ञानमार्गी' वापरतो.

पाटीपेन्सिल
'ज्ञानमार्गी' म्हटलं की मराठी वाचक थेट आळंदीला पोचतो हो.

उंबरठा
ती अडचण आहे खरी. दुसरी त्याहून मोठी. 'ज्ञान' हा शब्द चर्चने त्यांना कधीच बहाल केला नाही. लियॉंचा बिशप इरेनियस याने सन १८०च्या सुमारास त्यांच्याविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ लिहिला, त्याच्या मूळ नावातच 'खोटेपणाने ज्ञान म्हणवलं जाणारं ते' असं आहे. हे शब्द बायबलमधल्या तीमथ्याच्या पहिल्या पत्रातले. आणि अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट, चर्चच्याच बाजूचा जुना पंडित, तर नॉस्टिक पंथांशी वाद घालतो आणि पूर्णत्वाला पोचलेल्या ख्रिस्ती माणसाला 'नॉस्टिक'च म्हणतो! भांडण शब्दाच्या मालकीचं होतं.

वसईची
मध्ये तोंड घालते. तुम्ही दोघे 'ज्ञान' धरून बसलात, पण खरी ठिणगी 'देह' या शब्दावर पडते. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातलं, येशूच्या जन्माबद्दलचं 'शब्द देही झाला' आठवा. ग्रीकमध्ये तिथे 'सार्क्स' आहे, म्हणजे मांस. चांगलं चिमटा काढता येणारं. आणि मराठीत काय आलं? 'देही'.

पाटीपेन्सिल
त्यात काय बिघडलं? देही म्हणजे देह असलेला.

वसईची
गीतेचा दुसरा अध्याय काढा. माणूस जुनी वस्त्रं टाकून नवी घेतो, तसा 'देही' जुनी शरीरं टाकून नवी घेतो. म्हणजे देही कोण? शरीर नव्हे, शरीर पांघरणारा! नेमकं हेच नॉस्टिकांना हवं होतं: येशूचा देह म्हणजे नुसतं पांघरूण. २००६ मध्ये छापून आलेल्या यहूदाच्या शुभवर्तमानात, म्हणजे नॉस्टिकांच्या एका जुन्या पोथीत, येशू त्याला पकडून देणाऱ्या यहूदाला सांगतो, की मला पांघरणाऱ्या माणसाचा तू बळी देशील. वस्त्राचीच उपमा. योहानाने 'मांस' या ज्या शब्दाने अशा अर्थाला दार लावलं, तेच मराठीत किलकिलं राहिलं.

चिंचबन
'देहीं' असेल ते, सप्तमी. 'देहीं देव' म्हणतात तसं. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुस्वार उडवले त्यात गेला असेल.

उंबरठा
नाही, सप्तमी घेतली तर 'शब्द देहात झाला' असं काहीतरी विचित्र होतं. ती प्रथमाच. पण वसईच्या बाईंचा मुद्दा बिनतोड आहे, मी इतकी वर्षं ते वाक्य म्हणतोय आणि हे डोक्यात आलं नव्हतं. त्याला जोड म्हणून एक किस्सा. व्हॅलेंटिनस हा इजिप्तचा नॉस्टिक गुरू, दुसऱ्या शतकाच्या मध्याला रोममध्ये शिकवायचा. क्लेमेंटने त्याच्या एका पत्रातला उतारा जपलाय: येशू जेवायचा-प्यायचा, पण त्याच्या पोटात अन्न नासत नसे, म्हणून त्याला शौचाला जावं लागत नसे. आता शेजारी लूकचं शुभवर्तमान ठेवा. पुनरुत्थानानंतर शिष्यांना भूत वाटतं, तर येशू म्हणतो, हातपाय चाचपून बघा, भुताला हाडमांस नसतं. तरी त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा खायला मागतो आणि त्यांच्यासमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. सगळा वाद या दोन जेवणांत आहे.

पाटीपेन्सिल
मासा लेखात घेतो. मग 'देही'च्या जागी 'शब्द मांस झाला' लिहू?

वसईची
अहो नको, मांस म्हटलं की आमच्याकडे रविवार उगवतो. नाताळच्या प्रवचनात 'देहधारण' ऐकते, पण 'धारण'मध्येही परत अंगरखा आलाच. 'हाडामांसाचा माणूस झाला' लिहा. शब्दाला शब्द नाही, पण अर्थ सांडत नाही. छापील वाक्य उद्धृत करायचं तिथे मात्र 'देही'च ठेवा, त्याला हात लावू नका.

पाटीपेन्सिल
ठरलं. आणि पंथाला 'नॉस्टिक'च, पहिल्यांदा येईल तिथे 'ज्ञानाने सुटका मानणारे' एवढं जोडून. आता त्या अडाणी कारागिराचं बघा. ग्रीकमध्ये 'डेमिऊर्गोस'. 'विश्वकर्मा' लिहिलं होतं, संपादकांनी लाल शाईने गोल केलाय.

चिंचबन
करणारच. विश्वकर्म्याची आपल्याकडे पूजा होते. 'कारागीर'च ठेवा.