सगळीकडे स्वार्थच दिसणं ही स्पष्ट नजर आहे का?

कृष्णाकाठ

कथा-कादंबऱ्यांवरच्या चर्चा वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. पात्राने कुणासाठी काही चांगलं केलं की लगेच प्रश्न येतो, 'यात त्याचा फायदा काय?' फायदा शोधून काढला की वाचक जाणकार ठरतो, नाही सापडला तर लेखक भाबडा ठरतो. मला ही सवय घातक वाटते. तिच्यामुळे वास्तव जास्त दिसत नाही, उलट कमी दिसतं.

इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जची एक आठवण त्याचा मित्र आणि चरित्रकार जॉन ऑब्रीने लिहून ठेवली आहे. लंडनमध्ये रस्त्याने जाताना हॉब्जने एका म्हाताऱ्या, आजारी भिकाऱ्याला पैसे दिले. शेजारी उभ्या असलेल्या धर्मोपदेशकाने विचारलं, ख्रिस्ताची आज्ञा नसती तर दिले असतेस का? हॉब्ज म्हणाला, हो. त्याचे हाल बघून मला त्रास होत होता. पैशांनी त्याला थोडा आराम पडला, तसा मलाही पडला.

'बघा, भीक घालणंही शेवटी स्वतःसाठीच' हे पटवायला ही गोष्ट सांगितली जाते. पण हॉब्जला त्रास झाला कशामुळे? ज्याला फक्त स्वतःचंच पडलंय, त्याला परक्या म्हाताऱ्याच्या हालांनी त्रास व्हायचं कारणच नाही. आधी कळवळा, मग तो शमल्याचं समाधान. समाधान मिळालं म्हणून कळवळा खोटा ठरत नाही. इंग्रज धर्मोपदेशक जोसेफ बटलरने 1726 साली छापलेल्या आपल्या प्रवचनांत याच वळणाचा युक्तिवाद केला आहे, आणि त्याला पटण्यासारखं उत्तर मी अजून वाचलेलं नाही.

फ्रान्समधला सरदार-लेखक ला रोशफुको याच्या उलट टोकाला. 1665 साली आलेल्या त्याच्या सुभाषितांत सद्गुणांच्या मुळाशी आत्मप्रेम दाखवलं आहे. स्वार्थ दिसला तर सिद्धांत खरा. नाही दिसला तर स्वार्थ लपलाय, म्हणून सिद्धांत आणखी खरा. चुकूच शकत नाही असं मत बाळगणाऱ्याला आपण डोळस का म्हणायचं?

बोरीबंदर

ला रोशफुकोवर अन्याय करताय. त्याचं प्रसिद्ध वाक्य 'आपले सद्गुण हे बहुधा वेषांतर केलेले दुर्गुणच असतात' असं आहे. त्यातला 'बहुधा' तुम्ही गाळलात आणि मग त्याचा सिद्धांत चुकूच शकत नाही म्हणालात. 'बहुधा' म्हणणारा माणूस अपवादाला जागा ठेवतो.

शिवाय तो हे घरी बसून शिकला नव्हता. फ्रोंद नावाच्या सरदारांच्या बंडात तो लढला. 1652 मध्ये पॅरिसच्या वेशीवरच्या लढाईत चेहऱ्यावर गोळी लागून त्याची दृष्टी जाता जाता वाचली. निष्ठा, शौर्य, स्वातंत्र्य अशा शब्दांच्या आड कोण कधी बाजू बदलतो, हे त्याने जवळून पाहिलं. अशा माणसाचं लिखाण ही साक्ष आहे. 'सवय' म्हणून ती बाजूला सारता येणार नाही.

कृष्णाकाठ

'बहुधा'बद्दल तुमचं बरोबर आहे, तो शब्द महत्त्वाचा आहे. माझा रोख मग त्याच्याकडून त्याच्या आजच्या वाचकांकडे वळतो, कारण त्यांच्या तोंडी 'बहुधा' नसतो. पण साक्षीचा मुद्दा मला पटत नाही. दरबारात आणि बंडात जे दिसलं ते दरबाराबद्दल आणि बंडाबद्दल खरं. त्यावरून एखाद्या शेजारणीने आजारी माणसाला नेऊन दिलेल्या पेजेबद्दल काय कळतं?

पायवाट

शेजारणीच्या पेजेबद्दल कुणी संशय घेत नाही हो. संशय कुणाच्या हेतूचा घेतला जातो ते बघा.

महात्मा फुल्यांचं 'तृतीय रत्न' 1855 चं. एक जोशी, म्हणजे ज्योतिष सांगणारा भट, गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालतो आणि ती व तिचा नवरा मिळून त्याच्यावर जवळचं होतं नव्हतं ते घालवतात. तिथे जोशाच्या गोड बोलण्यामागचा फायदा शोधणं हीच बुद्धी आहे. 'शेतकऱ्याचा असूड' तर जन्मापासून मरणापर्यंतच्या प्रत्येक विधीत शेतकऱ्याचा पैसा कसा जातो ते दाखवतो. ज्यांना पिढ्यान् पिढ्या 'तुमच्या भल्यासाठीच' म्हणून लुबाडलं गेलं, त्यांना तुम्ही हेतूवर विश्वास ठेवायला सांगताय. चुकीचा विश्वास ठेवल्याची किंमत त्या बाईने मोजली. चुकीचा संशय घेतल्याबद्दल जोशाला काय मोजावं लागलं असतं? एका दिवसाची दक्षिणा.

कृष्णाकाठ

पण त्या नाटकाचा शेवट आठवा. ते जोडपं जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतं. 'सगळेच लुबाडतात' असं फुल्यांना म्हणायचं असतं तर शाळा चालवणाऱ्यांवरही तोच संशय घ्यायला हवा होता. फुले एका माणसाचा डाव उघड करतात आणि दुसऱ्या माणसांवर विश्वास टाकायला सांगतात, तेही एकाच नाटकात. 1873 मध्ये 'गुलामगिरी' आणि सत्यशोधक समाज एकाच वर्षी येतात, हे मला फार बोलकं वाटतं. याला मी सिनिकल, म्हणजे सगळीकडे स्वार्थच बघणारं, म्हणणार नाही.

घाटमाथा

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरताहेत, म्हणून मध्ये बोलतो.

प्राचीन ग्रीसमधल्या मूळच्या 'सिनिक' पंथाचा तत्त्वज्ञ, सिनोपीचा डायोजिनिस, याची गोष्ट आहे. प्लेटो 'मेजपणा' आणि 'पेलेपणा'बद्दल, म्हणजे सगळ्या मेजांत किंवा पेल्यांत समान असलेल्या तत्त्वाबद्दल, बोलत होता. डायोजिनिस म्हणाला, मला मेज दिसतं, पेला दिसतो, मेजपणा काही दिसत नाही. प्लेटो म्हणाला, बरोबर आहे. मेज आणि पेला बघायला लागतात ते डोळे तुला आहेत, मेजपणा बघायला लागते ती बुद्धी नाही. (ही गोष्ट डायोजिनिसनंतर पाचेकशे वर्षांनी लिहिली गेली, तेव्हा ती घडली असेलच असं नाही.)

आजचा सिनिक स्वतःला डायोजिनिसच्या जागी बघतो: मी जे दिसतं तेवढंच मानतो. पण हेतू कधी कुणाला दिसलाय? दिसते ती कृती. पैसे देणारा हात दिसतो. त्यामागचा स्वार्थ हा मेजपणाइतकाच अदृश्य आहे. मात्र, कृष्णाकाठ, कळवळाही तितकाच अदृश्य आहे. तेव्हा 'मला वास्तव दिसतं' हा दावा दोघांनीही सोडायला हवा.

बोरीबंदर

घाटमाथा, मुद्दा आवडला. पण साहित्यात मग उरतं काय? मर्ढेकरांनी पिपातले मेलेले उंदीर लिहिले तेव्हा महायुद्ध नुकतंच संपलं होतं. त्या कवितेने मराठी वाचकाला जे दाखवलं ते चांदण्याच्या कवितांनी दाखवलं नव्हतं. त्या कडवटपणाला नजर नाही म्हणायचं? मराठीत ती कविता झाली नसती तर आपण आजही खोटंच लिहीत बसलो असतो, असं मला मनापासून वाटतं.

सुपारीची बाग

बोरीबंदर, ज्यांनी उंदीर लिहिले त्यांनीच 'भंगु दे काठिन्य माझे, आम्ल जाऊ दे मनीचे' असंही लिहिलं. मनातलं आम्ल जावं म्हणून ते देवाला विनवतात. म्हणजे ते आम्ल हीच आपली नजर, असं स्वतः मर्ढेकरांनाही वाटत नव्हतं. ही ओळ बाजूला ठेवून फक्त उंदीर घेऊन गेलो तर अर्धे मर्ढेकर घेतल्यासारखं होतं, आणि मराठी समीक्षेत हे बऱ्याचदा झालंय.

बोरीबंदर

त्या ओळीचा अर्थ मी उलटा लावतो. ज्याने आम्ल पुरतं चाखलंय तोच ते जावं म्हणून विनवू शकतो. प्रार्थनेला वजन आलं ते उंदरांमुळे. आधी कडवटपणा, मग प्रार्थना; हा क्रम टाळता येत नाही.

पायवाट

घाटमाथांना उत्तर द्यायचं राहिलं. हेतू दिसत नाही हे खरं, पण तो तपासता येतो. जिथून दक्षिणा मिळणार नाही अशा घरी जोशी ग्रहशांतीला जातो का, एवढं बघितलं तरी पुरतं. फुल्यांच्या शाळेलाही हीच कसोटी लावा. 1849 मध्ये शाळा चालवण्यापायी जोतीराव-सावित्रीबाईंना जोतीरावांच्या वडिलांच्या घरातून बाहेर पडावं लागलं. लाभ कुणाचा होता आणि झळ कुणाला बसली, हे तिथे उघड दिसतं. कादंबरीतल्या पात्रांबद्दलही मी हेच विचारते, आणि यापुढेही विचारणार आहे. फक्त कृष्णाकाठांचं एक मान्य: हा प्रश्न विचारल्यावर 'काहीच फायदा नव्हता' हे उत्तर आलं, तर ते ऐकून घ्यायची तयारी हवी.