नेब्रास्कातील खापरपणजोबांचे जगणे कोणत्या कागदांतून कळेल?

प्रश्न (लातूर):
माझ्या सुनेचे माहेर अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातले. तिचे खापरपणजोबा १८७३ मध्ये स्वीडनहून येऊन तेथे शेती करू लागले, एवढेच तिच्या घरी सांगतात. दिवाळीत ती आमच्या गावच्या माळवदाच्या घरी आली, तेव्हा भिंतीवरून हात फिरवत म्हणाली की, तिचे पूर्वजही मातीच्याच घरात राहत असत. आमच्याकडचा खासरा मी जपून ठेवला आहे; नातवासाठी तिकडचा कागद कोठे शोधावा?

उत्तर (परभणी):
त्यांनी जमीन १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली घेतली असल्यास शोध सोपा आहे. या कायद्याने १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळे. मात्र तेथे घर बांधून पाच वर्षे राहावे व जमीन कसावी लागे आणि शेवटी दोन साक्षीदार उभे करावे लागत. मालकीचा दाखला सरकारी भूमी-अभिलेखांच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो, पण तेवढ्यावर थांबू नका. त्यावरील गट-वर्णन व क्रमांक देऊन वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून संपूर्ण प्रकरण मागवा, कारण घर केवढे होते, किती एकर नांगरले, कुटुंबात कोण होते, हे त्यांनी स्वतः शपथेवर सांगितलेले त्यात असते. परदेशातून आलेल्यांच्या प्रकरणात बहुधा नागरिकत्वाचे कागदही सापडतात. १८८० च्या जनगणनेची शेतीविषयक पत्रकेही पाहावीत. गुरे, पिके, अगदी घरी काढलेले लोणीसुद्धा त्यांत नोंदले आहे. १८९० ची पत्रके मात्र आगीमुळे जवळजवळ सगळी नष्ट झाली.

उत्तर (अंबाजोगाई):
आपल्या सूनबाईंचे म्हणणे खरे आहे. त्या माळरानावर झाडे फार थोडी, म्हणून गवताच्या मुळ्यांनी घट्ट धरलेली माती नांगराने पट्ट्यांत कापून, गवताची बाजू खाली ठेवून, विटांसारखी रचत. आपल्या माळवदाला तुळयांचा आधार व वर पांढरी माती असते. तिकडचे छप्पर मात्र पावसात अनेकदा गळे. सरपण नसल्याने वाळलेले शेण जाळत, हे गोवऱ्या थापणाऱ्या आपल्या आजीला वेगळे सांगावे लागले नसते. १८७४ मध्ये तेथे प्रचंड टोळधाड आली, म्हणजे ते आल्यानंतर दुसऱ्याच वर्षी.

उत्तर (नांदेड):
नातवाला सांगताना ती भूमी ओसाड होती असे कृपया सांगू नये. नेब्रास्कात पॉनी या मूळनिवासी लोकांच्या वस्त्या व शेती पिढ्यान्पिढ्या होती, आणि नेमक्या याच दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. खापरपणजोबांचे कष्ट खरेच, पण ही बाजूही त्याच वहीत लिहावी.

प्रश्नकर्ता (लातूर):
सर्वांचा ऋणी आहे. पॉनींचा उल्लेख पहिल्याच पानावर करीन. जिल्ह्याचे नाव सूनबाई आज रात्री आईला विचारणार आहेत.