विषय: ईशानचा पंप बदलला आणि खोकला परत

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या जेवणाच्या मेल चालू असताना मध्येच घुसतेय, सॉरी, पण इथे दम्याची मुलं असलेले बरेच आईबाबा आहेत म्हणून विचारते. आमचा ईशान ७ वर्षांचा, फ्लोव्हेंट ४४ चा पंप (४४ म्हणजे एका पफमधले मायक्रोग्रॅम) घेत होता, सकाळी दोन पफ रात्री दोन पफ, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून, आणि अगदी मस्त चाललं होतं. मग जानेवारी २०२४ मध्ये तो ब्रँडच बंद झाला, तेच औषध जेनेरिक म्हणून मिळतं पण आमचा इन्शुरन्स आता त्याला नाही म्हणतोय, म्हणून डॉक्टरांनी क्यूव्हार रेडीहेलर ४० दिला, तसेच दोन-दोन पफ. सारखंच आहे म्हणाले. पण तीन आठवडे झाले, रात्री दोनला खोकला ठरलेला, आणि जिना चढला की छातीतून शिटी. त्यात सासूबाई पुण्याहून आल्यात, त्यांच्या बुडेकॉर्ट २०० च्या रोटाकॅप्स (ओढायच्या पावडरच्या कॅप्सूल) आहेत, त्या म्हणतात अगं २०० कुठे नि ४० कुठे, एवढ्याशाने काय होणार, माझीच दे त्याला. मी दिली नाहीये पण डोक्यात बसलंय ते. कोणी ही औषधं कंपेअर केलीत का?
सायली

---

सायली,
दिली नाहीस ते उत्तम. पण सासूबाईंच्या गणिताचं आधी सांगतो, कारण फार्मसीच्या काउंटरमागे २८ वर्षं मी हाच घोळ बघितलाय. एका औषधाचा मायक्रोग्रॅमचा आकडा दुसऱ्याला लावायचा नसतो. फ्लुटिकासोन (तुमचं जुनं) हे बुडेसोनाइडच्या (सासूबाईंच्या बुडेकॉर्टमधलं) साधारण दुप्पट जोरकस, म्हणजे याचे १०० ते त्याचे २००. क्यूव्हारमधलं बेक्लोमेथासोन खरं तर या सगळ्यांत म्हातारं, १९७२ मध्ये इंग्लंडात आलेलं, पण क्यूव्हारचे कण फार बारीक असतात, घशात कमी अडकतात आणि फुप्फुसात जास्त पोचतात, त्यामुळे ते फ्लुटिकासोनच्या जवळपास येऊन बसतं. ईशानचे आधी दिवसाला १७६ मायक्रोग्रॅम व्हायचे, आता १६०. म्हणजे डॉक्टर बरोबर आहेत. मोमेटासोन, सिक्लेसोनाइड ही पण त्याच घरची भावंडं, बरोबरीच्या डोसला दमा आवरण्यात उन्नीस-बीस. खरा फरक असतो तो यंत्रात. म्हणून विचारतो, तू अजून स्पेसर लावतेस का?
श्रीकांतकाका

---

काका, हो!! तोच जुना निळा. नव्या पंपाचं तोंड त्यात नीट बसत नव्हतं म्हणून रबराच्या रिंगमध्ये दाबून घुसवलं. वर दाबायला बटण नाही दिसलं तर म्हटलं आपोआप येत असेल. आणि आधी खळाखळा हलवतो सवयीने.
सायली

---

हं, सापडलं बहुतेक. रेडीहेलर श्वासावर सुटतो, पोराने ओढलं की मगच औषध बाहेर. त्याला स्पेसर लावायचाच नाही, हलवायचं पण नाही. थेट तोंडात, ओठ घट्ट, सावकाश खोल श्वास, मग ५ ते १० सेकंद रोखून धरायचा. आणि एका पफनंतर पांढरं झाकण बंद करायचं, मगच पुढचा पफ तयार होतो. उघडंच ठेवून दुसऱ्यांदा ओढलं तर पोरगं नुसती हवा खातंय. धुवायचा नाही, कोरड्या टिश्यूने पुसायचा. घेऊन झालं की चूळ भरून थुंकायची, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते.
पण माझ्या मेलवर बसून राहू नकोस. रात्रीचा खोकला आणि शिटी म्हणजे दमा आवाक्यात नाहीये, उद्या सकाळीच डॉक्टरांकडे फोन कर, अल्ब्युटेरॉल (धाप लागली की घ्यायचा तातडीचा पंप) किती वेळा लागला ते लिहून ने, आणि ईशानला नर्ससमोर घेऊन दाखवायला लाव.
काका

---

काका, मध्येच विचारते, ही पंपातली औषधं स्टिरॉइडच ना, आणि आमच्याकडे स्टिरॉइड म्हटलं की आई घाबरते, उंची खुंटते म्हणून. खरं का?
मृणाल

---

थोडं खरं आहे, लपवण्यासारखं काही नाही. इथे अमेरिकेत ५ ते १२ वयाच्या मुलांना बुडेसोनाइड दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम देऊन मोठा अभ्यास झाला, मुलं मोठी झाल्यावर मोजलं तर सरासरी १.२ सेंटीमीटर कमी भरली, २०१२ मध्ये छापून आलंय. तो फरक सुरुवातीच्या एक-दोन वर्षांतच पडला, पुढे वाढत गेला नाही. म्हणून तर लागेल तेवढाच कमीत कमी डोस ठेवतात. अर्ध्या इंचासाठी पोराला रात्रभर धापा टाकत बसवायचं का, तुझ्या आईला विचार.
काका

---

मंडळी, अपडेट देते. नर्सने ईशानला घ्यायला सांगितलं तर पहिल्याच पफला दचकला, म्हणाला आई यात चव आहे! तीन आठवडे चवच लागली नव्हती त्याला. डॉक्टरांनी डोस तोच ठेवलाय, दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. काल रात्री एकदाच खोकला.
घरी येऊन सासूबाईंना म्हटलं आई तुम्ही पण घेऊन दाखवा. त्यांनी रोटाहेलर (त्या कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र) फिरवला, हळूच फुलाचा वास घ्यावा तसं ओढलं आणि झालं म्हणाल्या. उघडून बघितलं तर अर्धी पावडर कॅप्सूलमध्येच. काका, यांच्या २०० मधले पोटात किती, छातीत किती नि कचऱ्यात किती? त्या तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणतायत, रविवारी चालेल का?
सायली