सीपॅप (झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन): कुशीवर एएचआय (तासाला किती वेळा श्वास थांबतो वा कमी होतो) 2, उताणं झोपलं की 14. प्रेशर वाढवायचं का?

प्रश्न: फिक्स्ड प्रेशर 8 (सेंमी पाणी), लीक म्हणजे मास्कमधली हवेची गळती नगण्य. तरी पहाटे 4 ते 6 मध्ये श्वासाच्या अडथळ्यांचे झुबके (एकामागून एक अडथळे) दिसतात. प्रेशर बदलावं की झोपायची पद्धत?

उत्तर 1: पहाटे रेम झोप (स्वप्नांची झोप) जास्त आणि स्नायू सैल. त्यात उताणं झोपलं की जीभ आणि मऊ टाळू मागे पडतात, मग 8 अपुरं ठरू शकतं. स्लीप स्टडीच्या रिपोर्टमध्ये 'उताणं असताना रेम' किती मिनिटं होतं ते शोधा. शून्य असेल तर 8 हा आकडा अपुऱ्या माहितीवर ठरलाय; तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, प्रेशर परस्पर वाढवू नका.

उत्तर 2: त्याआधी उशी बघा! झुबके दिसले की पहिला संशय उशीवरच घ्यावा. जाड उशीमुळे हनुवटी छातीकडे झुकते आणि श्वासमार्ग मुडपतो, पाण्याच्या पाइपला घडी पडावी तसा. ही घडी प्रेशर वाढवून सहसा सुटत नाही. एकच पातळ उशी घ्या. डोकं उंच हवंच असेल तर पलंगाचे डोक्याकडचे पाय 10-15 सेंमी उचला, उशांवर उशा रचू नका.

उत्तर 3: कुशीवर राहायला पाठीशी घट्ट लोड लावा. मात्र कुशीवर मास्क उशीला घासून सरकतो, लीक वाढते. मास्कची कड उशीच्या बाहेर ठेवा, नळी डोक्यावरून न्या. पट्टे आडवं होऊन, मशीन चालू असतानाच बसवा. फार आवळलेत तर मास्कचं कुशन फुगत नाही आणि उलट जास्त गळतं.